उजवीकडून

धामणखेडच्या चक्कीचं दार टिनाचं.
त्यावर वायरमन शालिक नन्नावरेनं
जीभ दातांत धरून, लाल ऑइलपेंटनं
मीटरचा नंबर घातला होता:
७३९३९१३३.

सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
एवढं मोठं आमच्या गावात दुसरं काहीच नव्हतं.
ज्वारीचा डबा रांगेत लावून
मी दारापाशी बसायची, पाठीला तापलेला टिन,
आणि कोळशानं फरशीवर भाग देत राहायची.

दोन नाही, पाच नाही, ते दिसतंच.
अंकांची बेरीज अडतीस, म्हणून तीनही नाही.
सातानं भागलं की दोन उरतात,
अकरानं चार, तेरानं आठ.
पट्टा फटफटायचा, पीठ उडायचं,
माझ्या भुवया म्हातारीसारख्या पांढऱ्या.
वच्छला कोहाड आतून ओरडायची,
"काय वं, कोनाचा हिशेब करून रायली?"
"तुह्या दाराचा, मावशी."
"जाते का भाग?"
"अजून तं नाही गेला."

दोन उन्हाळे लागले.
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंत जा,
त्यापुढं गरज नाही, गुरुजींनी सांगितलेलं.
तरी हजारावर भागाकार,
वहीच्या मागच्या पानांवर, बियाण्याच्या फाटक्या पिशव्यांवर.
एकदा हातचा चुकला आणि मी नाचले, भाग गेला म्हणून.
नव्हता गेला.
मूळ संख्या.

दाराच्या उजव्या अंगाला वळचण गळायची.
तिथून गंज चढला.
आधी शेवटचा तीन गेला, उरलं ७३९३९१३.
सवयीनं भागून पाहिलं. हिला कष्ट कमी.
हीही मूळ.
दोन वर्षांनी त्याच्या अलीकडचा तीन.
७३९३९१. मूळ.
एकाला बकऱ्यांनी अंग घासून नेलं,
७३९३९, तरी मूळ.
मग मी गंजाची वाट पाहिली नाही,
अंगठ्यानं एकेक अंक झाकत गेले
सातापर्यंत.

आणि पुढं? पुऱ्या आठ अंकांच्या शेवटी
आणखी एखादा लावला तर?
सम अंकाला दोन खातो, पाचाला पाच,
एक किंवा सात लावला की तीन आत शिरतो.
तीन आणि नऊ पुष्कळ दिवस अडून राहिले,
शेवटी तेही तुटले.
दहातला एकही टिकत नाही.

हे वच्छलाला सांगितलं तेव्हा
ती डब्याचं झाकण बसवत होती.
बसेना. दोनदा ठोकलं.
"म्हंजे त्याच्या पुढं कोनी नाही," ती म्हणाली,
"मांगचे मात्र सारे पक्के."
त्या दिवशी दळणाचे पैसे घ्यायला विसरली.

ती गेल्यावर पुतण्यांनी चक्की वाटून घेतली.
मोटर एकाला, पट्टा एकाला,
वरचा दगड थोरल्यानं नेला, खालचा धाकट्यानं.
दोघांच्या धुऱ्यावर आता एकेक गोल दगड आहे,
त्यावर उभं राहून माणसं पाय धुतात.
दाराची वाटणी जमेना,
म्हणून ते दोनशे रुपयांत आमच्याकडं आलं.

चारानं भागून एक उरला
तर मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते,
आणि तीही एकाच तऱ्हेनं:
दोन चौकोनी वावरं, दुसरी वाटणी शक्यच नाही.
मोठ्या नंबराला एकच उरतो.
त्याची वावरं मी कधी शोधली नाहीत.
आहेत कुठंतरी, मोजलेली, कुणी न नांगरलेली.

परवा गेले तर भावाच्या बकऱ्यांच्या कोठ्याला तेच दार,
त्यावर एवढंच: ७३.
आठी आठी चौसष्ट, तीन त्रिक नऊ.
उभ्या उभ्या झालं.
तिनाचं पोट गंजानं फुगलंय,
सातचा आकडा अजून दोरी अडकवावी इतका धड.
भाऊ म्हणाला, पेंट आणलाय,
सांग बरं पुरा नंबर, तुले पाठ असंल.

पाठ आहे.
मी डबा उघडून पाहिला.
रंग हिरवा होता.